लढाईतल्या नावाजलेल्या माणसाशी आपलं दूरचं नातं आहे का, ते कसं शोधायचं

आजीच्या ट्रंकेत एक चांदीचं पदक होतं, काळपट पडलेलं, फीत विटून गेलेली, आणि घरात सगळ्यांचं ठाम मत की हे 'त्या मोठ्या पदकवाल्यांच्या घरातलं', म्हणजे आजीच्या माहेरच्या आडनावाचे एक व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक, मिळवलेले वीर होते ते आमचेच. चाळीस वर्षं कोणी ते पदक उलटं करून बघितलं नव्हतं. एका दुपारी खिडकीपाशी नेलं, मोबाईलचा टॉर्च तिरका धरला, आणि कडेवर, म्हणजे नाण्याची कड असते ना तिथे, बारीक इंग्रजी अक्षरं दिसायला लागली. आधी नंबर, मग एस-ई-पी, म्हणजे सिपाही, मग नाव, आणि शेवटी ११७ महराटाज. व्हिक्टोरिया क्रॉसवाले दुसऱ्या महायुद्धातले, हे पदक पहिल्याचं. तिथून माझा शोध सुरू झाला आणि चार वर्षं चालला, त्यात जे शिकलो ते सगळं इथे लिहितोय, कारण मराठी घरांसाठी हे एका जागी लिहिलेलं मला तेव्हा सापडलं नव्हतं.

आधी घर, मग वीर

बहुतेक जण उलटं करतात. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेल्या नामदेव जाधवांचं नाव वाचतात, आपलं आडनाव जाधव, मग तिथून खाली आपल्यापर्यंत यायला बघतात. असं करू नका. जाधव, शिंदे, पवार, मोरे ही आडनावं शेकडो गावांत आहेत आणि एका गावातल्या जाधवांचा दुसऱ्या गावातल्या जाधवांशी काही संबंध असेलच असं नाही. आडनाव सारखं असणं हा पुरावा नाही, फार तर शोध सुरू करायला एक निमित्त. खात्रीचं काम म्हणजे आपल्यापासून वर चढायचं, एकेक पिढी कागदाने पक्की करत, आणि दुसरीकडे त्या वीराच्या गावातून त्याचीही वर चढणारी साखळी लावायची, दोन्ही एका माणसापाशी भेटल्या तर नातं, नाही भेटल्या तर नाही.

सगळ्यात आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे बसा, आणि आजच बसा, पुढच्या दिवाळीला नको. प्रश्न कसा विचारता त्यावर खूप अवलंबून असतं. "आजी, ते आपले कोण लागायचे?" असं विचारलं की "आपलेच की रे" एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा, "त्यांच्या घरात कोणी गेलं तर आपल्याला सुतक यायचं का? किती दिवसांचं?" सुतक भावकीला येतं, त्यामुळे हा एक प्रश्न दहा प्रश्नांचं काम करतो. दुसरा प्रश्न, "त्यांच्या घरात आपली मुलगी दिलीये का किंवा त्यांची आणलीये का?" सोयरीक झाली असेल तर ते भावकीतले नाहीत हे तिथेच कळतं, नातं असलंच तर सोयरेपणाचं, मग शोध वेगळ्या दिशेला जातो. कुलदैवत कोणतं, लग्नात देवक कशाचं, पाटीलकीच्या किंवा शेताच्या वाटण्या कोणाकोणात झाल्या, मूळ गाव सोडून कोण कधी बाहेर पडलं, हे सगळं रेकॉर्ड करून घ्या. बायकांना आवर्जून विचारा. माझ्या आजोबांना तीन पिढ्या सरळ सांगता यायच्या पण कोणाची बायको कुठल्या गावची हे फक्त आजीला माहीत होतं, आणि दूरची नाती तिथेच तुटतात, बाईचं आडनाव बदललं की कागदावरचा धागा गेला.

मग ट्रंका, देवघर, माळा. पदकं, डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, मनीऑर्डरच्या पावत्या, गणवेशातला फोटो. पदकाला पॉलिश अजिबात करू नका, घासून अक्षरं जातात. पहिल्या महायुद्धातल्या पदकांवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते, पदकाच्या कडेवर, आणि स्टार, म्हणजे ताऱ्याच्या आकाराचं पदक, असेल तर मागच्या बाजूला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांना बहुतेक कोरी पदकं दिली पण हिंदुस्थानी फौजेतल्या लोकांच्या पदकांवर नाव घातलेलं असतं, हे आपलं नशीब. पदक कोणतं यावरूनही कळतं, इटली स्टार असेल तर माणूस इटलीच्या आघाडीवर होता, बर्मा स्टार असेल तर ब्रह्मदेशाच्या, आफ्रिका स्टार असेल तर उत्तर किंवा पूर्व आफ्रिकेच्या. काही घरांत तळहाताएवढी ब्राँझची जाड चकती असते, त्यावर ब्रिटानियाची बाई आणि सिंह, आणि एका चौकटीत नाव. ती पहिल्या महायुद्धात मेलेल्या माणसाच्या घरी पाठवलेली असायची. तिच्यावर हुद्दाही नसतो आणि पलटणही नसते, फक्त नाव, पण ती घरात असेल तर माणूस त्या युद्धातल्या सेवेपायी गेला एवढं नक्की.

पलटण ओळखणं

इथे बरेच जण अडकतात कारण पलटणींची नावं बदलली. पहिल्या महायुद्धात १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ अशा नंबरांच्या मराठा पलटणी होत्या. १९२२ मध्ये सगळ्यांची फेररचना झाली आणि त्यांची मिळून ५वी महराटा लाइट इन्फंट्री झाली, १०३ची पहिली बटालियन, १०५ची दुसरी, ११०ची तिसरी, ११६ची चौथी, ११७ची पाचवी, ११४ची दहावी. म्हणून आजोबा '३/५ महराटा' मध्ये, म्हणजे ५व्या महराटाच्या तिसऱ्या बटालियनमध्ये, आणि पणजोबा '११०' मध्ये असतील तर ती एकच पलटण. घरात बाप-लेक एकाच पलटणीत जायची पद्धत होती त्यामुळे हा धागा फार कामाला येतो. आणि इंग्रजीत शोधताना जुनं स्पेलिंग वापरा, त्यात एम-ए-एच नंतर आर-ए-टी-टी-ए येतं. आजच्या स्पेलिंगने शोधलं तर अर्धे कागद दिसतच नाहीत.

महार समाजातल्या घरांसाठी, १११ महार पलटण १९१७ मध्ये उभी केली आणि १९२१ मध्ये मोडली, नंतर महार रेजिमेंट १९४१ मध्ये परत उभी राहिली. त्यामुळे घरात पहिल्या महायुद्धाची गोष्ट असेल तर १११ बघा, आणि दुसऱ्याची असेल तर महार रेजिमेंट. याहून जुनी गोष्ट असेल तर कोरेगाव भीमाच्या स्तंभावरची नावं बघताना लक्षात ठेवा की तिथे आडनावं नाहीत, नावाला 'नाक' जोडलेलं आहे, त्यामुळे तिथलं नाव आपल्या घराशी जोडायला कागदांची साखळी लागेलच, नुसतं नाव जुळून चालत नाही.

कोकणातल्या घरांनी फक्त पायदळ बघू नये. रत्नागिरीकडचे कितीतरी लोक बोटीवर खलाशी होते, आणि बोट बुडून गेलेल्यांची नावं पायदळाच्या यादीत कधीच सापडणार नाहीत. मुंबईत मस्जिद बंदर भागात इंडियन सेलर्स होम आहे, खलाशांचं स्मारक तिथे आहे.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्जची यादी

युद्धात मेलेल्या माणसासाठी पहिली जागा हीच, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन, १९१७ मध्ये स्थापन झालेलं. दोन्ही महायुद्धांतली सुमारे १७ लाख माणसं त्यांच्या नोंदीत आहेत आणि वेबसाइटवर शोधायला पैसे लागत नाहीत. पण शोधायचं कसं ते महत्त्वाचं. आडनाव टाकून शोधलं की बऱ्याचदा काहीच येत नाही, कारण आपल्या लोकांची नावं कारकुनाने ऐकली तशी लिहिली, जाधवचं जाधाओ, घाडगेचं घाटगे, आणि पुष्कळदा आडनाव लिहिलंच नाही, नुसतं रामा किंवा सखाराम. म्हणून पलटणीने शोधा, आणि 'जादा माहिती'च्या रकान्यात गावाचं नाव टाका. त्या रकान्यात बऱ्याच ठिकाणी वडलांचं नाव, गाव आणि जिल्हा असतो, आणि तोच आपल्याला हवा असलेला सोन्याचा कण. गावाचं स्पेलिंग चार-पाच प्रकारे करून बघा, शेवटचा 'व' कधी डब्ल्यू असतो कधी व्ही, 'गाव'चं 'गाम' किंवा 'गॉन' झालेलं असतं.

जिल्हे मात्र तेव्हाचे घ्या. आजचा रायगड १९८१ पर्यंत कुलाबा होता. सिंधुदुर्ग त्याच वर्षी रत्नागिरीतून वेगळा झाला. सांगली नावाचा जिल्हा नव्हता, तो सगळा भाग जुना सातारा नाहीतर सांगली, मिरज, जत, औंध अशी संस्थानं. सावंतवाडी, कोल्हापूर, भोर ही संस्थानं, तर मराठवाडा निजामाचा. माणूस 'सातारा' जिल्ह्यात दिसला म्हणून आजच्या साताऱ्यातच गाव शोधत बसलात तर वर्ष जाईल, माझं गेलं.

यादीत नाव नसेल तर माणूस मेला नाही असं धरू नका. बसरा स्मारकावर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेलेल्या ४० हजारांहून जास्त लोकांची नोंद आहे, पण तिथे दगडावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि साध्या हिंदी शिपायांचा नुसता आकडा, पलटणीप्रमाणे. मला हे वाचल्यावर दोन दिवस काही सुचलं नाही. कमिशनने २०२१ मध्ये यावर अहवाल काढून माफी मागितली. फ्रान्समध्ये गेलेल्यांसाठी नव्ह शापेलचं स्मारक आहे, ४,७०० च्या वर नावं. दिल्लीच्या इंडिया गेटवर पहिल्या महायुद्धातली आणि १९१९ च्या अफगाण लढाईतली १३ हजारांहून जास्त नावं कोरली आहेत. खडकीचं वॉर सिमेट्रीतलं स्मारक पुण्याच्या लोकांना जवळ आहे, एकदा जाऊन या, दगडावरचं नाव बघणं आणि स्क्रीनवर बघणं वेगळं. आणि आपल्या गावातही बघा, जुन्या चावडीच्या, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत संगमरवरी पाटी असू शकते, '१९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके गेले, इतक्यांनी प्राण दिले' अशी. साताऱ्याचं अपशिंगे याच कारणाने अपशिंगे मिलिटरी म्हणून ओळखलं जातं. पाटीवर नुसता आकडा असतो, पण तुमच्या यादीतली नावं त्या आकड्याला भिडतात का ते तपासता येतं.

एक सावधगिरी. पंजाबच्या पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांची ३ लाखांच्या वर नावं असलेली रजिस्टरं ऑनलाइन आली आहेत आणि लोक त्यात मराठी नावं शोधत बसतात. ती लाहोरमधली, फक्त पंजाबची, मुंबई इलाख्याची नाहीत.

पदकवाले कुठे सापडतात

नावाजलेल्या माणसाबद्दल कागद जास्त असतात, त्याचा फायदा घ्या. यशवंत घाडगे ३/५ महराटाचे नाईक, १० जुलै १९४४ ला इटलीत तिबर नदीच्या खोऱ्यात पडले, गाव पळसगाव, माणगाव तालुका. नामदेव जाधव १/५ महराटाचे, त्यांची लढाई ९ एप्रिल १९४५ ची, इटलीतल्या सेनिओ नदीवरची, गाव नगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातलं निमज. या दोघांच्या व्हिक्टोरिया क्रॉसची पूर्ण हकीकत लंडन गॅझेटमध्ये, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या राजपत्रात, छापलेली आहे आणि ते गॅझेट ऑनलाइन फुकट वाचता येतं. बाकीच्या पदकांसाठी ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये डब्ल्यूओ ३७३ नावाची मालिका आहे, दुसऱ्या महायुद्धातल्या शौर्यपदकांच्या शिफारशी, त्यात हिंदी फौजेतलेही आहेत. पलटणीच्या वॉर डायऱ्या तिथेच, पहिल्या महायुद्धाच्या डब्ल्यूओ ९५ मध्ये. डायरीत साध्या शिपायाचं नाव क्वचितच असतं, पण त्या दिवशी पलटण कुठे होती ते कळतं.

आझाद हिंद सेनेचा दावा घरात असेल तर दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार. त्यांचं अभिलेख पटल नावाचं पोर्टल आहे, नाव नोंदवून घरबसल्या बघता येतं. जनरल जगन्नाथराव भोसले आपले कोकणातले, सेनेत फार वर होते, त्यांच्या नावाने नातं सांगणारी घरं भेटतात, आणि 'भोसले' आडनावाचा पसारा बघता इथे कागदाशिवाय एक पाऊलही टाकू नका. १९४७ नंतरच्या लढायांसाठी संरक्षण मंत्रालयाची गॅलंट्री अवॉर्ड्सची वेबसाइट आणि दिल्लीचं राष्ट्रीय युद्ध स्मारक.

पलटणीच्या अभिलेख कार्यालयाला पत्र लिहिता येतं, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महारचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. पत्रात नंबर, नाव, गाव, साधारण वर्ष आणि तुमचं नातं, एवढंच, एका पानात. नंबर नसेल तर उत्तराची फार आशा नको. त्याआधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन या, तिथले निवृत्त सुभेदारसाहेब लोक कागद समोर नसतानाही बरंच सांगतात.

गावाचे कागद, खरा डोंगर

आता हिशेब करा. १९१६ ला वारलेला बाविशीतला शिपाई म्हणजे जन्म १८९४ च्या आसपास, वडील १८७० च्या आगेमागे, आजोबा १८४५. तुमचे पणजोबा त्याच वयाचे असतील आणि ते त्याचे चुलत भाऊ असतील, तर दोघांचे आजोबा एकच असायला हवेत, म्हणजे तुम्हाला १८४५ च्या आसपास जन्मलेला एक माणूस सिद्ध करायचाय, ज्याला दोन मुलगे होते, एकाच्या खाली तुम्ही आणि दुसऱ्याच्या खाली तो. हे कागदावर झाड काढून डोळ्यासमोर ठेवलं की कुठला कागद मागायचा ते कळतं.

तहसील कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, जन्म-मृत्यूची नोंद. जुनं मोडी लिपीत असतं. यात दोन अडचणी आहेत ज्या मला कोणी आधी सांगितल्या नव्हत्या. एक, जन्माच्या नोंदीत बऱ्याचदा बाळाचं नावच नसतं, बापाचं नाव आणि पुढे नुसतं 'मुलगा', त्यामुळे अंगठ्याएवढ्या जागेत तीन 'मुलगा' दिसतात आणि कुठला आपला ते वर्षावरून ठरवावं लागतं. दुसरी, माणूस परदेशात मेला तर गावच्या मृत्यूच्या पानात तो नसतो. मी दीड वर्ष तिथे शोधत होतो. तो सापडतो फेरफारात, जमिनीचा हिस्सा भावाच्या किंवा बायकोच्या नावावर चढला ना त्या नोंदीत. म्हणून गाव नमुना ६, फेरफार, आणि ६क, वारसांची नोंद, हे मागा. फेरफारात 'मयत अमुक यास वारस भाऊ तमुक' असं असतं आणि नातं सरकारी शाईत लिहिलेलं मिळतं, यापेक्षा चांगला पुरावा नाही.

एका कार्यालयात मला तीन वेळा "जुनं सगळं वाळवीने खाल्लं" म्हणून परत पाठवलं, चौथ्यांदा लेखी अर्ज दिला, पोच घेतली, आणि पंधरा दिवसांत गठ्ठा निघाला. तेव्हा तोंडी विचारू नका, अर्ज द्या, नक्कल मागा, पोच घ्या.

कुणबी नोंदी शोधायच्या मोहिमेत, २०२३ पासून, खूप जिल्ह्यांत असली मोडी कागदपत्रं स्कॅन झाली आणि जिल्ह्याच्या वेबसाइटवर चढली, आणि कितीतरी घरांनी प्रमाणपत्रासाठी वंशावळ तयार करून ठेवली. तुमच्या भावकीतल्या कोणा काकांच्या फायलीत ती असेल, आधी तिथे विचारा. फक्त ती एका कामासाठी केलेली असते, त्यात मुली, बिनवारस गेलेले आणि लढाईत गेलेले लग्नाआधीचे मुलगे गाळलेले असतात, आणि आपल्याला हवा तो नेमका त्यांच्यातलाच.

मोडी वाचायला जाणकार गाठा, पुण्या-मुंबईत आणि कोल्हापुरात मोडी शिकवणारे आहेत, पुण्याच्या पेशवे दफ्तरात आणि मुंबईच्या पुराभिलेखागारात गेलात तर तिथे येणारे वाचक ओळखीचे होतात. शिवाय तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यांच्या वह्या, नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर. घरातलं कोणी विधीला गेलं असेल तर वहीत आलेल्याचं नाव, गाव, बापाचं, आजाचं नाव, कधी भावांची नावंही सापडतात. गाव आणि आडनाव सांगितलं की गुरुजी वही काढतात. शाळेचं जनरल रजिस्टर १९२०-३० च्या पुढच्या लोकांसाठी बरं.

जुळलं का, ते ठरवणं

माझा नियम असा, प्रत्येक पिढीच्या सांध्याला दोन वेगवेगळे कागद, आणि ते एकमेकांवरून उतरवलेले नसावेत. तोंडी आठवण आणि वंशावळ हे दोन नव्हेत, वंशावळ आठवणीवरूनच लिहिलेली असते. एका पिढीला एकच कागद मिळाला तर झाडात ती रेघ तुटक काढा आणि लोकांना सांगताना 'बहुतेक' म्हणा. डीएनए टेस्टबद्दल विचारतात, नेहमीची टेस्ट चार-पाच पिढ्यांपलीकडे फारशी काही सांगत नाही आणि समोरच्या घरानेही केलेली असली पाहिजे, मी त्या वाटेला गेलो नाही.

त्या वीराच्या घरी जायचं असेल तर आधी फोन, आणि जाताना स्वतःचं झाड घेऊन जा, त्यांच्याकडे मागायला नाही तर दाखवायला. पहिल्या भेटीत पदकाचा फोटो मागू नका. मी गेलो तेव्हा तिथल्या आजींनी माझं झाड बघितलं, बोट वर नेलं, आणि म्हणाल्या, "बाळा, हे घर आमचं नाही. आमच्यात आणि तुमच्यात तर सोयरीक होते." झालं, चाळीस वर्षांची गोष्ट एका वाक्यात संपली. आजीला घरी येऊन सांगितलं तेव्हा ती गप्प बसली, मग विचारलं, "मग ते पदक कुणाचं?"

ते तिच्या चुलत आजोबांचं होतं. ११७ पलटण सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियातल्या कुट गावात तुर्कांच्या वेढ्यात होती, डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ ला शरण जाईपर्यंत, १४७ दिवस, शेवटी घोड्याचं मांस आणि मूठभर पीठ. फेरफारात सापडलं, 'मयत, वारस भाऊ', आणि तो भाऊ म्हणजे आजीचे आजोबा. वॉर ग्रेव्ह्जच्या यादीत त्यांचं नाव होतं, पण गावाचं स्पेलिंग इतकं बिघडलेलं की आधी दोनदा डोळ्याखालून गेलं होतं.

अशी चूक सापडली तर कमिशनला कळवता येतं, वेबसाइटवर त्यासाठी फॉर्म आहे. सोबत फेरफाराची नक्कल, तिचं इंग्रजी भाषांतर, आणि पदकाच्या कडेचा स्वच्छ फोटो जोडा, प्रत्येक कागदावर तो कुठल्या कार्यालयातून कुठल्या तारखेला मिळाला ते लिहा. एक प्रत गावच्या ग्रामपंचायतीत द्या, एक शाळेत. माझा अर्ज गेलाय, उत्तर अजून यायचंय, आणि आजी दर रविवारी विचारते की नाव नीट झालं का.